तीन बोटं कोरी जागा

ओमानमधल्या अल् घुब्रातल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर वसईची एक बाई राहते. मुलं तिला ‘प्रोजेक्ट आंटी’ म्हणतात, कारण शाळेचे तक्ते तीच काढून देते: ज्वालामुखी, हृदय, खजुराचं झाड. रेषा मुद्दाम किंचित वाकडी, रंग जरासा बाहेर सांडलेला. शिक्षिकेला वाटावं, मुलानेच केलंय. उजवीकडे खाली तीन बोटं जागा कोरी, मुलाचं नाव आणि वर्ग लिहिण्यासाठी. माझ्या लेकीच्या हृदयाचा तक्ता मीच तिच्याकडून करून घेतला होता. थोडं वाकडं काढ, असंही मीच सुचवलं होतं.

त्या हिवाळ्यात मी आसपासच्या कलाफेऱ्यांना, ठिकठिकाणची चित्रं बघत हिंडायला, जाऊ लागले. कधी फ्रेमवाल्याचं दुकान, कधी कॅफेची मागची भिंत, कधी भाड्याच्या व्हिलातलं छोटं दालन. तिथे एका ओमानी चित्रकर्तीने वादी अदाईचे डोंगर रंगवले होते, तव्यावर विसरलेल्या भाकरीच्या रंगाचे. जवळ गेलं की जवसाच्या तेलाचा वास यायचा. पुढच्या फेरीसाठी ती याच वस्तीतले चित्रकार शोधत होती. माझ्या जिन्यातच एक आहे, असं मी तिला सांगितलं. तिची अट एकच होती: चित्रावर चित्रकाराची सही हवी.

मी विचारायला गेले, तेव्हा वसईच्या बाईने पलंगाखालून फाइल ओढली. त्यात आमचाच जिना होता: गॅसचे सिलिंडर, दारांतल्या चपला, पायऱ्यांवरून उतरणारी उन्हाची पट्टी. एकही रेषा वाकडी नव्हती. उजवा कोपरा मात्र इथेही कोराच.

“नाव नको गं,” सहीची अट ऐकून ती म्हणाली. “शाळेतल्या टीचर येतात फेरीला. हात ओळखतील. तुझ्याच पोरीचे मार्क जातील.”

तिच्या नावाच्या वाटेत माझंच खोटं आडवं पडलं होतं. ते मी उचलायचं ठरवलं. आधी लेकीला सांगितलं, की आपण शाळेत जाऊन खरं बोलणार आहोत. ती रडेल असं वाटलं होतं. ती चिडली, पण वेगळ्याच कारणाने.

“आई, तू मला विचारलंच नाही. हार्ट मला येतं ड्रॉ करायला.”

शिक्षिकेसमोर मी फक्त माझ्या घराबद्दल बोलले. तक्ता मी करून घेतला, चूक माझी. त्यांनी तो शांतपणे भिंतीवरून उतरवला, मार्क कापले आणि लेकीला नवा काढायला सांगितलं. तिचं हृदय डावीकडे कललेलं आहे, आणि ते तिचं आहे.

मी दुसऱ्या मजल्यावर गेले. आमचे मार्क गेले, आता आमच्यासाठी घाबरू नकोस, असं सांगितलं. तिने ब्रश धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग बाकीच्या मुलांचं काय, असं विचारलं. ब्रश पेल्यात उभे करून तीच म्हणाली, “यापुढे काढून नाही देणार. बसा म्हणावं माझ्याजवळ, शिकवीन.”

फेरीच्या दिवशी ओमानी चित्रकर्ती हातोडी घेऊन उभी होती. “यल्ला,” तिने हसून घाई केली. वसईच्या बाईने चित्र मांडीवर घेतलं, पेन्सिलीला टोक केलं आणि कोऱ्या कोपऱ्यात आपलं नाव लिहिलं, एका सरळ ओळीत. खाली वर्ग लिहिण्यापुरती जागा उरली. त्या कोऱ्या जागेकडे ती क्षणभर बघत राहिली. मग चित्र उचलून तिने स्वतःच खिळ्याला लावलं.