तव्यावरचा रविवार

श्रीगजाननाला वंदन करून, रविवारच्या पूजेच्या निमित्ताने हे चार शब्द लिहितो.

आमच्या बोरिवलीच्या इमारतीत खालच्या मजल्यावर मूळची गोराईची एक बाई राहते. तिचे नाव मी कधी विचारले नाही. तक्रार करायला नाव लागत नाही. दर रविवारी ती तव्यावर बेकन, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे पातळ काप, परतायची आणि तो वास नेमका माझ्या देवघरात यायचा. मी जिना उतरून दार वाजवले. पुढच्या रविवारी तिने ते ओव्हनमध्ये भाजले; मी पुन्हा उतरलो. मग तिने पाण्यात घालून मंद आचेवर शिजवले. वास आला नाही. माझी तपश्चर्या फळाला आली, असे मी मानले.

त्याच संध्याकाळी ती जिन्यात भेटली. माझ्याशी बोलण्याआधी ती नेहमी गाउनला हात पुसते.

"काय काका, देव खूश ना आता?" ती हसली. "पण पप्पांनी ताटाला हातच नाय लावला. आजारात भूकच मेलीय त्यांची. तव्यावरचा वास आला की स्वतः उठून टेबलाशी यायचे."

मी म्हणालो, "तव्यावरच कर, बाई. देवाची तक्रार नव्हतीच, माझी होती."

आता रविवारी वास आला की खाली एक म्हातारा उठला, हे मला कळते. त्या दिवशी माझा प्राणायामही जरा लांबतो. हे आमच्या घरी सांगू नका.

वाचकहो, तुमची चूल पेटती राहो आणि घरातल्या थोरांची भूक शाबूत राहो.