ट्रकच्या वरचा आवाज

अमरावती रोडवरच्या भरलेल्या ट्रकला नुसत्या आवाजानं शरमिंदा करेल असा माणूस देवानं एकच घडवला आणि तो आमच्या वाडीच्या शाळेत नाटक शिकवायला पाठवून दिला. आमच्या या नाटकवाल्या सरांनी स्टाफरूममध्ये चहा मागितला, की पलीकडच्या गोडाऊनमधला हमाल खांद्यावरचं पोतं ठेवून "आणतो साहेब" म्हणतो. माइकला ते आवाजाची कुबडी म्हणतात. त्यांची तालीम रस्त्याकडच्या भिंतीला लागून चालते. ट्रक आला की संवाद म्हणायचा, ट्रक नसेल तर उभं राहून त्याची वाट पाहायची. सर मैदानापलीकडे नळापाशी थांबतात, संवाद पोचला की हात वर करतात. माझा गणिताचा वर्ग त्याच बाजूला. एकदा मी फळ्यावर उत्तराच्या जागी "महाराज, घात झाला" लिहून बसलो आणि साऱ्या वर्गानं ते उतरवून घेतलं.

यंदा मोठ्या सरांनी सांगून टाकलं, की आंतरशालेय स्पर्धेत नंबर आला नाही तर नाटकाचा तास गणिताला, म्हणजे मला. यावर आमच्या सरांनी काय करावं? मुख्य भूमिका आठवीतल्या सुजाताला दिली. तिची हजेरी मी ओठ पाहून लावायचो. "तिच्या पोटात आवाज आहे सर," ते मला म्हणाले, "गळ्यापर्यंत रस्ता नाही बांधला कोणी." आणि तिला म्हणाले, "काहून वं, आवाज घरी ठेवून आली का? उद्या डब्यात घेऊन ये." दिवाळीपर्यंत ट्रकवाले तिच्यासमोर हॉर्न वाजवायला लाजू लागले.

स्पर्धेचा हॉल शहरातला, एसीवाला. शांतता अशी, की परीक्षकांच्या पोटातला पोहाही ऐकू यावा. पडदा उघडला. सुजाता पुढे आली आणि नुसतीच उभी राहिली. एका परीक्षकानं पेनाला टोपण लावलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरगी ट्रकची वाट पाहून राहिली होती.

मग विंगेतून तो आला. आधी सेल्फ, मग पहिला गिअर, मग सिमेंट भरलेला चौदा चाकी चढावर. पहिल्या रांगेतल्या लोकांनी पाय आत घेतले. सगळा ट्रक सरांच्या एकट्या तोंडातून निघत होता. सुजातानं श्वास घेतला आणि तिचं "आमचं घर पाडू नका" त्या ट्रकच्या वरून शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं. पुढं अख्खं नाटक सर विंगेत ट्रक चालवत राहिले, रिव्हर्सच्या पींपींसकट.

नाटकाला नंबर आला नाही. पार्श्वध्वनीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मोठे सर म्हणाले, "ट्रकचा नंबर धरत नाही."

तास मला मिळाला. पहिल्याच दिवशी मी प्रमेय सांगत असताना बाहेरून ट्रक गेला आणि माझं बोलणं त्याच्याखाली चिरडलं. शेवटच्या बाकावरून, त्या ट्रकच्या वरून, स्वच्छ आवाज आला, "सर, ऐकू नाही येऊन राहिलं."

मी खिडकीबाहेर पाहिलं. त्या तासाला आता काहीच काम नसलेले सर मैदानापलीकडे नळापाशी एकटेच उभे होते. त्यांनी हात वर केला.