तिसऱ्या खेपेचं पाणी

सोलापूरला भरती झालो आणि चौथ्या वर्षी आमचं सेक्शन अंदमानातल्या एका लहान बंदरावर गार्डला गेलं. एकोणीसशे तीस-बत्तीसचं साल असेल. मी नाईक. हाताखाली आठ जवान. त्यातला एक बिरू, माझ्या बायकोचा, सखूचा, धाकटा भाऊ. आम्ही दोघंही सांगोल्याकडचे, मेंढरांमागं वाढलेले.

बंदरात एक बोट लागली होती. गोरे साहेब तिच्यातून समुद्र तपासायला निघणार होते. पाणी किती खोल, तळाला कोणते मासे, बेटांवर कोणती पाखरं. प्रवास तीन महिन्यांचा. आठ दिवस आम्ही सामान चढवत होतो. दोरखंड, काचेच्या बरण्या, तांदूळ, कोळसा. वाटेत कापून खायला बारा शेळ्या होत्या, त्या बिरूकडं. गोडं पाणी सगळं बोटीच्या टाक्यांत चाललं होतं. आम्हाला माणशी दिवसाला दोन लोटे.

निघायच्या आदल्या सकाळी सहाला लेफ्टनंट साहेबानं चार रिकामे डबे दाखवले. मारलेल्या पाखरांची कातडी टिकवायचं औषध त्यात असायचं.

"तीन वेळा धुवा. पाणी समुद्रात फेका."

"जी साहेब."

का, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

दोन खेपांचं पाणी बिरूनं ओतलं. तिसऱ्या खेपेचं नितळ निघालं. ते त्यानं बादलीत धरलं.

"दाजी, ह्ये कुटं फेकायचं? शेरडं तान्हेली हायती की."

"साहेबाचा हुकूम हाय."

"साहेबाच्या गावाला बारमाही पाऊस. त्याला काय ठावं पानी?"

मी हसलो. आमच्याकडं तोंड धुतलेलं पाणीसुद्धा जनावराला ठेवतात. मी पोती चढवायला निघून गेलो.

परक्या ठिकाणचं पाणी कळपाला दाखवायच्या आधी मेंढका स्वतः पितो आणि तंबाखूची चिमूट संपेपर्यंत थांबतो. बिरूनं तेच केलं.

साडेसातला एक जवान पळत आला. "नाईकसाब, बिरू पडला."

तो ओकत होता. शेळ्या बांधलेल्या, बादली बाजूला.

"शेरडांना पाजलंस?"

"न्हाय. त्यास्नी नगा दिऊ, दाजी. पानी बरं न्हाय."

सिग्नलवाल्यानं बोटीला झेंडे दाखवले. डॉक्टर पाठवा, तातडी. डॉक्टर आला.

"किती प्यायला?"

"लोटाभर."

डब्यातलं औषध म्हणजे सोमल, जालीम विष, हे त्यानं तेव्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बिरू गेला. तासाभरानं बोट ठरल्या वेळेला सुटली. बाराही शेळ्या तिच्यावर होत्या.

चौकशीत मी सांगितलं, हुकूम दिला होता, त्यानं ऐकला नाही. खोटं नव्हतं ते. घरी पत्र लिहिलं, ताप आला म्हणून.

सखू पुढं कितीतरी वर्षं विचारायची, "तापात पानी मागितलं का वो त्यानं?"

मी म्हणायचो, "मागितलं. मी पाजलं."

गेल्या चैत्रात ती गेली. आता विचारणारं घरात कोणी नाही, म्हणून खरं लिहितो. सिपाही बिरू, वय बावीस. ती बादली लाथेनं उलटवायचं काम माझं होतं.