पितृपंधरवड्यात गेलेलं डॉट कॉम

राजारामपुरीत जिन्याखालच्या एका खोलीत मी वेबसाइट करून द्यायचं दुकान मांडलं, तेव्हा कोल्हापुरात वेबसाइट हवी असलेली माणसं एका रिक्षात मावली असती. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. लोक आत डोकावायचे, झेरॉक्स आहे का विचारायचे आणि नाही म्हटलं की माझीच कीव करत निघून जायचे.

माझं पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे एक चटणीवाले. पुढं कांदा-लसूण चटणी आणि मसाल्यांचं दुकान, मागं मिरच्या कुटायचा डंक. मी त्यांना मामा म्हणायची. नातं काही नव्हतं, पण साठी ओलांडलेल्या, मोठ्या आवाजाच्या माणसाला आमच्याकडं दुसरं काय म्हणतात? रस्त्याच्या पलीकडं, बरोबर समोर, त्यांच्या धाकट्या भावाचं दुकान. तिथंही चटणी, तिथंही डंक, आणि पाटीवर तेच नाव, दोघांच्या वडिलांचं, आबांचं. वडील गेल्यावर घर वाटलं, शेत वाटलं, उखळ-मुसळंसुद्धा मोजून वाटली. नाव कापता येईना, म्हणून दोघांनी अख्खं घेतलं. तेव्हापासून दहा वर्षं दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. गिऱ्हाइकं दोन्हीकडून चटणी न्यायची आणि दोन्हीकडं सांगायची, तुमच्यासारखी समोर मिळत नाही.

मामांना वेबसाइट का हवी होती? धाकट्याकडं नव्हती म्हणून. यापेक्षा स्वच्छ कारण मला पुढं कुठल्याही गिऱ्हाइकानं सांगितलं नाही.

"मामा, कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत," मी शिकवणी सुरू केली. "त्याला नुसते आकडे कळतात. वेबसाइट ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेली असते त्याला फोनसारखा नंबर असतो. माणसाच्या तो ध्यानात राहत नाही म्हणून नाव द्यायचं. नाव टाइप केलं की आपला कॉम्प्युटर आधी विचारत सुटतो, या नावाचा नंबर काय."

"कुणाला इचारतोय?"

मी अडकले. पुस्तकात सगळं होतं, पण ते चटणीच्या ठसक्यात आठवेना. तेवढ्यात गल्ल्याशेजारी त्यांनी बहिणीला पाठवायला ठेवलेलं पाकीट दिसलं. मी ते उचललं. पत्ता आपण वरून खाली लिहितो, पण पोस्ट तो खालून वर वाचतं. आधी जिल्हा कोल्हापूर, मग तालुका हातकणंगले, मग गाव, मग गल्ली आणि सगळ्यात शेवटी बहिणीचं नाव. वेबसाइटचं नावही तसंच शेवटाकडून वाचायचं. एक सगळ्यात वरचं पोस्ट असतं, ते सांगतं की डॉट कॉमची वही अमक्याकडं आहे. डॉट कॉमवाला सांगतो, या नावाची माहिती तमक्या कॉम्प्युटरकडं आहे. तो तमका नंबर देतो आणि मग दुकान उघडतं.

"आन् एवढी इचारपूस व्हईस्तवर गिऱ्हाईक थांबतंय?"

"डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, मामा."

"पोस्टाला सांग की ही." मग त्यांनी रस्त्यापलीकडं नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "एकाच नावाची दोन दुकानं असली तर?"

"चालत नाही. एका नावाचा एकच धनी. जो आधी नोंदवेल त्याचं. तेही कायमचं नाही, वर्षाच्या बोलीनं. मुदत संपायच्या आत पुन्हा नोंद केली नाही की गेलं."

मामा ताठ बसले. दहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना सांगत होतं की वडिलांचं नाव एकाच्याच वाट्याला येऊ शकतं. "मग घे की! बसलीयास काय?" असं ओरडून त्यांनी मागच्या कॅलेंडरकडं पाहिलं आणि तोंड कडू केलं. "थांब. पितृपंधरवडा चालू हाय. नवीन काय करायचं न्हाय. घटस्थापनेला घिऊ."

मी तेव्हाच हट्ट धरायला हवा होता. पण पहिलं गिऱ्हाईक, आणि घरी माझी आई पंधरवड्यात नवा पायपोससुद्धा आणत नसे. मी मान डोलावली. मूर्खपणाला मुहूर्त लागत नाही.

मामांनी त्यावर कडी केली. पंधरवड्यात पेंटर रिकामे असतात, तर पाटी तरी रंगवून घेऊ, असं त्यांच्या डोक्यात आलं. पाटी जुनीच, फक्त रंग नवा, म्हणजे शास्त्राला धक्का नाही. दोन दिवसांत वडिलांच्या नावाखाली, वीतभर उंचीच्या लाल इंग्रजी अक्षरांत, डॉट कॉमसकट सगळा पत्ता झळकला. शेजारी लिहिलं होतं, लवकरच. पंधरवड्यात मसाला कोण नेतो? धाकटा भाऊ समोर गल्ल्यावर बसून दिवसभर ती पाटी वाचत होता.

घटस्थापनेला मामांनी माझा कॉम्प्युटर दुकानात आणवून त्याला हार घातला, पेढे आणले. आमच्यासाठी नोंदणी करणाऱ्या पुण्याच्या एजंटाला मी फोन लावला. तो म्हणाला, हे नाव आठ दिवसांपूर्वीच गेलंय. कुणाच्या नावावर, तेही त्यानं वाचून दाखवलं. हातातला पेढा मी खोक्यात परत ठेवला.

मी तणतणत रस्ता ओलांडला. "पंधरवड्यात असलं काम करताना काही वाटलं नाही?"

धाकटा पुड्या बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "वडलांचं नाव हाय. पंधरवडाबी वडलांचाच. त्यांचंच काम त्यांच्या पंधरवड्यात केलं, तर बिघडलं कुठं?"

मी आले तशी परत फिरले.

पेंटर परत आला. नावाआधी 'थोरले' घालून आम्ही नोंद केली, पण पाटीवर जागा उरली नव्हती, म्हणून ती अक्षरं मुंगीएवढी झाली. येणारा-जाणारा मोठी अक्षरंच टाइप करायचा आणि धाकट्याच्या नावावर पोचायचा. तिथं काय होतं? 'काम चालू आहे.' चार वर्षं काम चालूच होतं.

मी मात्र विसरले नाही. कुठलं नाव कुणाच्या नावावर आहे आणि मुदत कधी संपते, हे तेव्हा कुणालाही बघता यायचं. दर सोमवारी कामाला लागायच्या आधी मी धाकट्याचं नाव बघायची. लोक अगरबत्ती लावतात, मी हे करायची.

आणि एका सोमवारी मुदत संपलेली दिसली! ज्या नेटकॅफेवाल्यानं धाकट्यासाठी एकदम चार वर्षांची नोंद केली होती, तो केव्हाच कॅफे बंद करून मोबाइल विकायला बसला होता. आठवणीची पत्रं त्याच्या ईमेलवर जायची आणि ते कुणी उघडत नव्हतं. मी धावत मामांकडं गेले.

"मामा, गेलं! अजून थोडे दिवस जुन्या धन्यासाठी राखून ठेवतात, मग मोकळं होतं. टपून बसू आणि उचलू."

मामांचा चेहरा खुलला नाही. "आन् परक्यानंच उचललं तर?"

"उचलेल की. कोण, ते सांगता येत नाही."

"त्यावर कायबी लावंल?"

"काहीही. घाणेरडी चित्रंसुद्धा."

"आत्ता कुणाला वाचवता येतंय?"

"फक्त तुमच्या भावाला," मी नाइलाजानं म्हणाले. "पण त्याला कुठं माहितीय!"

मामांनी पायात चपला सरकवल्या. माझी चार वर्षांची राखण रस्त्याकडं निघाली होती. अगदीच राहवेना, तेव्हा मी कॅलेंडरकडं बोट दाखवलं. "मामा, पंधरवडा चालू आहे."

"वडलांचंच काम हाय," ते म्हणाले आणि पायरी उतरले.

दोन एस्ट्या थांबवून त्यांनी रस्ता ओलांडला. दुकानात पाय ठेवायच्या आधीच आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू आला. "अरं, आबांचं नाव निघालंय हातातनं, आन् पुड्या काय बांधतोस!" धाकटा उभा राहिला. मग त्यानं गल्ल्यामागचं स्टूल ओढून पुढं केलं, हातानंच पुसलं, आणि तसाच त्या नेटकॅफेवाल्याला गाठायला स्कूटरची किल्ली शोधू लागला. मी मामांच्या ओसाड दुकानात गल्ला राखत बसले आणि मला मेलीला रडू आलं. गिऱ्हाइकाला मी सांगितलं, चटणीचा ठसका लागला.