मुकादमाचा एकच नंबर

बॉट सुरू झाला आणि सकाळचा चहा यायच्या आत आमच्या कितीतरी पुढे निघून गेला. भिंतीवरच्या स्क्रीनवर त्याचे कन्फर्मेशन धडाधड वाढत होते. इकडे आमच्या मुली जीव तोडून फोन लावत होत्या.

अंबाजोगाईत आमचं छोटं कॉल सेंटर आहे. क्लायंट एक साखर कारखाना. गळीत हंगामाआधी ऊसतोड मजुरांना फोन करून कोण येणार, गाडी कधी पाठवायची, हे आम्ही पक्कं करतो. यंदा कारखान्याचे आयटी मॅनेजर निखिल सर आपोआप फोन करणारा एआय बॉट घेऊन आले. एक दिवस ट्रायल. जो जिंकेल त्याला हंगाम. आम्ही हरलो तर सेंटर बंद.

मशीनमुळे काम धोक्यात यायची माझी ही दुसरी वेळ. पुण्यात मी सॉफ्टवेअर टेस्टर होते, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणारी. ते काम आपोआप करणाऱ्या स्क्रिप्ट मीच लिहिल्या, मुदतीआधी दिल्या, शाबासकी मिळवली. पुढच्याच ले-ऑफमध्ये माझं नाव आलं.

"मनावर घेऊ नका मॅडम," निखिल सर म्हणाले. "टेक्नॉलॉजी कुणासाठी थांबत नाही."

तेवढ्यात सविताचा फोन वाजला. सविता आमची सगळ्यात जुनी कॉलर. फोन धारूरकडच्या एका मुकादमाचा होता. मुकादम म्हणजे मजुरांची टोळी जमवून कारखान्यावर नेणारा माणूस. तिने स्पीकर लावला.

"सविताबाई, ही कोन नवी बाई ठेवली तुमी? सकाळपासनं पिच्छा सोडंना! येतो म्हनलं तरी परत तेच इचारायली. कावून? शेवटी म्हनलं, न्हाई येत, जा!"

मुली खो-खो हसल्या. मी मात्र ताडकन उठले. माझ्यातली टेस्टर जागी झाली होती.

"सर, या टोळीचा रिपोर्ट उघडा."

निम्मी टोळी 'येणार', निम्मी 'रद्द'. नवरा येणार, बायको रद्द! आणि प्रत्येक नावापुढे नंबर एकच, मुकादमाचा.

"डेटा चुकलाय तुमचा," निखिल सर म्हणाले.

"चुकला नाही सर, इथे तो असाच असतो. मजुरांचे नंबर दिले तर दुसरा मुकादम माणसं फोडेल, म्हणून कुठलाच मुकादम ते देत नाही."

बॉट बिचारा प्रत्येक नावासाठी त्याच माणसाला पुन्हा पुन्हा फोन करत होता.

निखिल सर लगेच सावरले. "मग एका नंबरला एकच कॉल. आत्ता बसवतो."

"बसवा. मुकादम म्हणेल, सगळे येणार. सगळेच मुकादम तसं म्हणतात. मग गाडी निम्मी रिकामी येते." मी सविताला खूण केली. तिच्या फोनवर मुकादम अजून होताच.

"मामा, ती बाई न्हाई, मशीन हाय," सविता म्हणाली. "समदे येनार ना?"

"समदे!"

"द्या बरं सरूबाईला फोन."

मुकादमाने कुरकुरत फोन दिला. सविता माणसं फोडणार नाही, हे त्याला इतक्या हंगामांत कळलं होतं. टोळीतल्या सरूबाईने सांगितलं, सुनेचे दिवस भरत आलेत, मुलगा-सून येणार नाहीत. शेजारचं जोडपं मात्र तयार आहे. फोन हातोहात फिरला आणि खरी टोळी आमच्या कॉम्प्युटरवर उतरली.

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. मुलींनी तर टेबलंच वाजवली! दुपारभर वैतागलेले मुकादम आमच्याकडेच फोन करत राहिले. खोटे 'येणार' गळून बॉटचे आकडे उतरत गेले, आमचे चढत गेले.

हंगाम आम्हाला मिळाला. बॉटला ट्रक ड्रायव्हरांना फोन करायचं काम दिलं, कारण त्यांचे नंबर त्यांचेच असतात. निघताना निखिल सरांनी हळूच विचारलं, "मॅडम, ही फोन फिरवायची पद्धत बॉटला शिकवता येईल? तुम्ही लिहाल स्क्रिप्ट?"

सविता माझ्याकडे बघत होती.

"लिहीन की सर," मी म्हणाले. "पण या वेळी मुदतीआधी होणार नाही."

मशीनला काम शिकवायला माझी हरकत नाही. फक्त शाबासकीची घाई करू नये.