थोरलीने पुसलेली खूण

लांबच्या देशातल्या प्रयोगशाळेने धाकटीला बोलावलं, तेव्हा थोरलीने तोंडभरून कौतुक केलं आणि आतल्या आत जळून खाक झाली. तिथे तिनेही अर्ज केला होता. तिला साधं उत्तरही आलं नव्हतं. आणि धाकटीला इथल्या प्रयोगशाळेत, आपल्याच कामाला चिकटवलं कुणी, तर हिनेच.

जाणं पक्कं होण्याआधी धाकटीला एका प्रयोगाचे फोटो पाठवायचे होते. डिशच्या तळाशी पेशींचा सलग थर वाढवायचा आणि बारीक टोकाने त्यात चर ओढायचा. काठावरच्या पेशी मग मोकळ्या जागेत सरकू लागतात. मधल्या मात्र जागच्या जागी, कारण त्यांना चहूबाजूंनी शेजारी. थोरलीला या मधल्यांचा फार कळवळा. घरी आई, बाबा, बाबांची दुखणी. तिने सरकायचं कुठून? धाकटी शेंडेफळ, जन्मलीच काठावर.

आज काढलेल्या जागेचाच फोटो उद्या काढायचा, म्हणून डिशला खालून पेनाने खूण करतात. संध्याकाळी डिश उबेच्या कपाटात ठेवायचं काम थोरलीकडे आलं. ठेवण्याआधी, जंतू आत जाऊ नयेत म्हणून एरवी बाकीच्या वस्तू पुसतात तशी, तिने ती खालून स्पिरिटने पुसली. सवयीने हात फिरला असं म्हणायला जागा होती; पण तिने खूण पाहिली होती, आणि तरी पुसली.

सकाळी धाकटी पडेल चेहऱ्याने आली. "ताई, खूण गेली गं. माझाच हात लागला असणार."

"दुसरी डिश कर."

"फोटो आजच पाठवायचेत. जाऊ दे. तसंही मी गेले की आई-बाबांचं सगळं तुझ्यावर पडणार. राहते मी इथेच."

थोरलीच्या पोटात कालच्यापेक्षा जास्त दुखलं. म्हणजे आता मोठेपणाही हिचाच. पोरीने आमच्यासाठी परदेश सोडला, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटणार. थोरलीने इतकी वर्षं जे मुकाट्याने केलं, ते हिच्या नावावर एका वाक्यात जमा.

"सरक," म्हणत ती सूक्ष्मदर्शकापाशी बसली. धाकटीचा हात कुठे हलला, हे काल तिने मिटक्या मारत शोधलं होतं. तिथे टोकाने प्लास्टिकवर वाकडा ओरखडा उठला होता. खूण त्याच्याच शेजारी होती. तो लगेच सापडला.

"हीच जागा. काढ फोटो."

"तुला कशी गं पाठ?"

"काढ आणि जा. आई-बाबांसाठी घरी राहिलेली एकच पुरे. ती मी आहे."