चुनरी आणि ट्रकची बॅटरी

एकाहत्तरच्या लढाईतून काकूंचा मुलगा धडधाकट परतला. आता काकूंना नवस फेडायचा होता: ग्वारीघाटावर नर्मदामैयाला चुनरी, या तीरापासून त्या तीरापर्यंत, अखंड. अपुरी पडली तर नवस फिटत नाही. महिनाभर मशीनवर बसून त्यांनी लुगड्याला लुगडं जोडलं. नावाडी ठरला. गोष्ट इथंच सुखात संपायची, पण मी लष्करी ट्रकच्या कारखान्यात होतो.

लढाईभर आम्ही दोन-दोन पाळ्या केल्या होत्या, त्यामुळे विजयात निम्मा वाटा आपला, अशी माझी समजूत. म्हटलं, चुनरी वल्हवत कशाला न्यायची, विजेवर नेऊ. कबाड्याकडून जुना डायनामो आणला. बॅटरी जोडली की तो मोटरसारखा फिरतो. त्याला लांब दांडा लावून पाण्यात बुडणारा पंखा बसवला. राहिली बॅटरी.

काका रेल्वेत, डब्यांतल्या दिव्यांच्या खात्यात. लिलावात घेतलेले बॅटरीचे जुने सेल त्यांच्या ओसरीत पडून होते. म्हणाले, "हे ने. रात्रभर दिवे जाळतात बिचारे. ट्रकची बॅटरी इंजिनाला एक धक्का देते अन् बसते."

"रेल्वेचा माल आहे काका, वेळेवर पोहोचेल का?"

"थट्टा काहून करून राहिला? नको तर नको नेऊ."

मी बाजारात जाऊन ट्रकच्या दोन बॅटऱ्या निवडल्या, त्याही ठिणगी पाहून. टोकांना तार टेकवायची. जिची ठिणगी मोठी, ती भारी. दुकानदार म्हणाला, "भैया, आराम से चार्ज करेंगे तो दो दिन लगेंगे." पूजा दुसऱ्या दिवशी सकाळी. मी म्हटलं, "तेज लगाओ." संध्याकाळपर्यंत आतलं आम्ल डाळीसारखं रटरटत होतं आणि खोकं हाताला पोळत होतं.

काकांनी पिचकारीसारख्या नळीत थोडं आम्ल ओढून पाहिलं. आतला काचेचा तरंगता काटा लाल पट्टीवरच बसून राहिला. "भरली नाही ही."

"उकळून राहिली ना काका? भरल्याशिवाय उकळेल का?"

काकांनी नळी धुऊन ठेवली.

सकाळी नावेत बॅटऱ्या, लुगड्यांचा ढीग, नावाडी आणि नवं धोतर नेसलेला मी. जागा होईना, म्हणून मी चप्पू, म्हणजे वल्ही, घाटावर काढून ठेवले. नावाडी म्हणाला, "चप्पू तो रहने दो, बाबूजी. खाते थोड़े ही हैं." पण मी ऐकणाऱ्यातला नव्हतो.

चुनरीचं एक टोक काकूंच्या हातात. निघालो ते असे झोकात, की घाटावरचे पुजारी उठून उभे राहिले. नदीच्या मध्यावर पंखा आळसावला, कण्हला, थांबला. काकूंना वाटलं, मी मैयाला नमस्कार करायला थांबलो. त्यांनी हात जोडले, मागच्या साऱ्या बायकांनी जोडले. मग मीही जोडले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"अब?" नावाड्यानं विचारलं.

बॅटऱ्यांखालची फळी काढून तो वल्हवू लागला. पण तोवर ओल्या चुनरीला प्रवाहानं खाली ओढून मोठा झोळ दिला होता. पलीकडच्या काठापासून चारेक हातांवर माझ्या हातात शेवटचा पदर आला. पुढे कापड नाही. ओढायला गेलो तर शिवण कुरकुरली. तिकडे घाटावर काकू हात जोडून उभ्याच.

मी कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. पौषातलं पाणी, त्याबद्दल न बोललेलं बरं. धोतर सोडलं, त्याची पदराला गाठ मारली आणि दुसरं टोक काठावरच्या बाभळीला बांधलं. घाटावर जयजयकार झाला. नावाडी तोंड फिरवून हसत होता.

परतलो तो पट्ट्यापट्ट्याची चड्डी आणि नावाड्याचा गमछा अशा वेशात. काकूंनी आधी प्रसाद हातावर ठेवला, मग नदीकडे बोट केलं.

"ते शेवटचं पांढरं कोणाचं?"

"माझं, काकू."

त्यांनी मला वरून खाली पाहिलं. "पोहोचली ना पल्याड?"

"पोहोचली."

"मग झालं. मैयानं विचारलं तर मी सांगून देईन, एक लुगडं कारखान्याकडून आलं."